घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ताट : खानदेशी स्वयंपाकातच थोडा फेरफार

"आता वय झालं, हलकंच खायचं." साठी ओलांडलेल्या माणसाला आपल्याकडे हे कोणी ना कोणी ऐकवतंच. हलकं म्हणजे काय, तर सकाळी चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकर नि पाण्यासारखं वरण, रात्री मऊ खिचडी, नाहीतर "भूकच नाही" म्हणून परत चहा. मी अमळनेर तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. लसीकरणासाठी, बाळंतिणींना बघायला घरोघर जायचे, तेव्हा ओट्यावर बसलेल्या आजीची ताटलीही दिसायची. आता माझ्याच घरी सासूबाई आणि सासरे आहेत. सासूबाईंना आम्ही जिजी म्हणतो, सासऱ्यांना नाना. दोघांनीही ऐंशी ओलांडलीय. हे सगळं बघून माझं ठाम मत झालंय की म्हाताऱ्या माणसांना आपण कमी खाऊ घालतो, आणि जे घालतो त्यात डाळ फार थोडी असते.

वरच्या त्या ताटाचा हिशोब करून बघा. दोन टोस्ट आणि दिवसभराच्या चहातलं दूध मिळून पाचेक ग्रॅम प्रथिनं. अर्ध्या भाकरीत तीन ग्रॅम, वाटीभर पातळ वरणात जेमतेम तीन, रात्रीच्या छोट्या ताटलीभर खिचडीत पाचेक. भाजी धरूनही आकडा वीसच्या आतच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ४६ ग्रॅम. वृद्धांच्या आहाराचे जाणकार तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, कारण म्हातारं शरीर खाल्लेल्या प्रथिनांचा पूर्वीसारखा वापर करू शकत नाही. हा आकडा ५५ ते ६५ ग्रॅमवर जातो. आपल्या ताटात त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो.

ही तूट भरून काढायला शरीर मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू मोडतं. मग खाटेवरून उठताना हात टेकावा लागतो, उंबरा ओलांडताना पाय अडखळतो, आणि एक दिवस न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. लोक म्हणतात, पडली म्हणून खाटेला खिळली. अनेकदा ती पडायच्या आधी वर्षभर कमी जेवत असते.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट बजावते. किडनीचा आजार असेल, पायावर सूज असेल, हृदय कमजोर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर डाळ किती, पाणी किती, केळी खायची की नाही हे त्यांनाच विचारा. अशा माणसाला हे आकडे लागू होत नाहीत.

आधी वजन करा

महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर, सकाळी, चपला काढून. उपकेंद्रात काटा असतो. गावात आशाताई असतात, त्यांना सांगून ठेवा. वजन कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहायचं. डोक्यात ठेवलं की विसरतं. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन वीसाव्या हिश्श्याने उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो गेलं, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात दाखवा.

काटा नसेल तर अंगावरच्या खुणा बघा. बायांच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सरकायला लागतात, पोलक्याच्या बाह्या ढिल्या होतात, पुरुषांच्या धोतराची गाठ सैल बसते, कवळी हलायला लागते. आणखी एक सोपी तपासणी आहे. त्या माणसाला खुर्चीवर बसवा, पाय जमिनीवर टेकलेले. त्याच्याच दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती कडी करायला सांगा. कडी पोटरीला पुरत नसेल तर चांगलं. कडी पुरून वर फट राहत असेल तर स्नायू झडलेत असं समजायचं. पायाला सूज असेल तेव्हा मात्र ही कडी फसवते.

कळणा, फुनके आणि घट्ट वरण

प्रथिनं म्हटलं की लोक मेडिकलवरचा डबा आणतात. महागाचा डबा कोनाड्यात पडून राहतो, कारण त्याची चव आपल्या माणसांच्या तोंडाला लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर जरूर द्या. पण आपल्या खानदेशी स्वयंपाकात यासाठी काय काय आहे ते आधी बघा.

पहिला मान कळण्याच्या भाकरीचा. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात जे कमी असतं ते ज्वारीत मिळतं. दोन्ही एकत्र दळले की प्रथिनांचा कस वाढतो. आमच्याकडे किलोभर दादर ज्वारीला पावशेर अख्खे काळे उडीद, चमचाभर मेथ्या आणि थोडं मीठ असं दळण असतं. म्हाताऱ्यांसाठी ते जरा बारीक दळून आणा, टरफल जिभेला टोचत नाही. भाकर पातळ थापायची, तव्यावरून उतरली की लगेच वाढायची. गार झालेली कळण्याची भाकर चामट होते, दात नसलेल्याला ती शिक्षाच. जिजींची भाकर मी ताटात येण्याआधीच हाताने चुरते, वर गरम घट्ट वरण आणि चमचाभर तूप घालते, आणि झाकून ठेवते. पाच मिनिटांत ती डाळ पिऊन फुगते. मग कवळी न लावताही त्या सगळं ताट संपवतात.

वरण घट्ट हवं. पळी कलती केली तर ते सावकाश पडलं पाहिजे. एका माणसाच्या एका वेळेला निदान ३० ग्रॅम कच्ची डाळ, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, तर सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. सगळ्या घराच्या वरणात शेवटी पाणी वाढवायची सवय असेल तर पाणी घालण्याआधी त्यांची वाटी बाजूला काढून ठेवा. एवढ्या एका कामाने फरक पडतो.

आता फुनके. म्हाताऱ्या माणसासाठी आपल्या भागात याहून चांगला पदार्थ मला सापडला नाही. वाफवलेला, तेल जवळजवळ नाही, मऊ, आणि सगळी डाळच. घरात दोन म्हातारी माणसं असतील तर १०० ग्रॅम तुरीची डाळ घ्या. पचायला जड वाटत असेल तर निम्मी मुगाची. चार-पाच तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या. चार लसणाच्या पाकळ्या, जिरं, एखादी हिरवी मिरची आणि हळद घालून पाणी न टाकता वाटा. तरण्यांसाठी आपण रवाळ ठेवतो, यांच्यासाठी दोन फेरे जास्त द्या, बोटाला कणी लागली नाही पाहिजे. त्यात बारीक चिरलेली कांद्याची पात किंवा मेथी, कोथिंबीर, थोडं मीठ आणि एक चमचा तेल. तेलाने फुनके कोरडे पडत नाहीत. मुठीत दाबून लहान लहान मुटके करा, चाळणीला तेलाचं बोट लावून त्यावर मांडा, १५ ते २० मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाले.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. म्हाताऱ्यांसाठी पुढची पायरी वेगळी. कढी उकळून उतरवायच्या आधी त्यांचे चार-पाच फुनके फोडून कढीत सोडा, दोन मिनिटं मंद आचेवर राहू द्या. कोरडा फुनका घशात अडकतो, कढी प्यालेला अलगद उतरतो. वाटीभर दह्याची कढी धरली तर या एका जेवणात चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. रात्री सातच्या आत वाढा, पोटाला पचवायला वेळ मिळतो.

डाळीचे डुबुक वडेही असेच. रश्श्यात शिजलेले, मऊ. रस्सा मात्र त्यांच्या वाटणीचा कमी तिखट ठेवा. शेंगदाण्याचं कूट तर आपल्या प्रत्येक भाजीत असतंच, त्यांच्या वाटीत एक चमचा वरून जास्त घाला. दाणे भाजताना काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे वेचून फेका. बुरशी लागलेला दाणा भाजला तरी त्यातलं विष जात नाही.

अंडं चालत असेल तर रोज एक द्यायला बहुतेकांना हरकत नसते. सहा ग्रॅम प्रथिनं, शिवाय बी-१२. उकडलेलं कोरडं लागतं, त्यापेक्षा पोळा किंवा कांदा-टमाट्यात मोडलेली भुर्जी.

सकाळचा चहा-टोस्ट बदला

हा बदल सगळ्यात अवघड आहे. चहा बंद करायला मी कोणालाच सांगत नाही, ती त्यांची सकाळ असते. चहा देऊन तासाभराने पोटभरीचं काहीतरी द्या. मुगाची डाळ भिजवून काढलेली दोन लहान धिरडी आणि अर्धी वाटी दही. किंवा बेसनाचं धिरडं. किंवा ज्वारीच्या पिठाचं आंबील, दाटसर, त्यात ताकाऐवजी घोटलेलं दही घालून. दात नसलेल्यांना फुटाण्याचं पीठ करून ठेवा. मिक्सरमधून काढा, चाळा, डब्यात भरा. कोमट दुधात दोन मोठे चमचे कालवलं की झालं. दुपारी चारला केळीबरोबरही हेच चालतं.

असं दिवसभराचं जुळवलं, म्हणजे सकाळी धिरडी-दही, दुपारी एक लहान कळण्याची भाकर, घट्ट वरण आणि कूट घातलेली भाजी, चारला फुटाण्याचं पीठ, रात्री फुनके-कढी, झोपताना कपभर दूध, तर ५५ ग्रॅमच्या जवळ पोचता येतं. यात बाहेरून आणायचं काहीच नाही. एकाच जेवणात सगळं कोंबू नका. थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. त्यांचं पोट लवकर भरतं, आणि शरीरालाही वाटून दिलेली प्रथिनं जास्त लागू पडतात.

खाल्लेलं स्नायूत उतरायला हालचाल लागते. नाना रोज सकाळी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात, आणि संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येतात. ज्यांना झेपत नाही त्यांनी हात टेकून उठावं, पण उठावं.

भरीत, पालेभाज्या, केळी

भाज्यांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. दोन्ही गोष्टी दात नसलेल्याला खाता येतात. कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेलं वांगं मुळातच लोण्यासारखं मऊ असतं. त्यांच्यासाठी काढताना तळलेले अख्खे दाणे आणि खोबऱ्याचे काप टाळा, दाण्याचं कूट घाला, कांद्याची पात अगदी बारीक चिरा, मिरची ठेचण्याआधी एक वाटी बाजूला काढा. तेल सोडताना हात आखडता, पण अगदी कोरडं नको. दुबळ्या माणसाला चमचाभर तेल-तूप लागतंच, त्याचं वजन त्यावरच टिकतं.

मेथी, पोकळा, चुका, पालक अशा पालेभाज्या डाळीबरोबर शिजवून घोटा. देठाचे धागे घशात अडकतात, म्हणून कोवळी पानंच घ्या. वर लिंबू पिळा. लिंबामुळे पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं. चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका, पण एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही असं होऊ देऊ नका. प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

केळी रोज एक, चांगली पिकलेली. रावेर-यावलच्या पट्ट्यात तर ती घरचीच. किडनीचा त्रास असलेल्यांना, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना, केळीतलं पोटॅशियम रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ बाजारात मिळतं त्यातही पोटॅशियम घातलेलं असतं. या लोकांनी दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जेवण कमी झालं की आधी तोंडात बॅटरी मारून बघा. हिरडीला जखम असते, जिभेवर पांढरा थर असतो, कवळी रुतते. ती माणसं सांगत नाहीत, नुसतं ताट सरकवतात. दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारली की कित्येकांचं जेवण परत सुरू होतं. मशेरी नि तंबाखू याही तोंडाची चव मारतात, भूक मारतात.

मीठ आणि तिखट

दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. यात भाकरीतलं, भाजीतलं, लोणच्यातलं, पापड-बिबड्यातलं, शेवेतलं असं सगळं आलं. वयाने जिभेची चव मंदावते, म्हणून त्यांना सगळं अळणी लागतं आणि ते वरून मीठ मागतात. नुसतं मीठ कमी करून ताट पुढे केलं तर ते जेवणच कमी करतात, आणि तो तोटा मिठापेक्षा मोठा. चव दुसरीकडून आणा. भाजलेला लसूण, जिऱ्याची फोडणी, कोथिंबीर, लिंबू, कैरीच्या दिवसात कैरीचा कीस, थोडी चिंच. काळा मसाला चालतो, त्यातली मिरची कमी करून एक वेगळी बरणी करून ठेवा.

शेवभाजी आठवड्यातून एकदा मागितली तर नाही म्हणू नका. रस्सा त्यांच्यासाठी आधी काढा, तर्री बाजूला करा, त्यात मीठ घालू नका. शेवेत असतं तेवढं पुरतं. शेव आधीच सोडून मऊ होऊ द्या. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ होते त्यांना ती दुपारीच द्या, रात्री नको.

मे महिन्यातलं पाणी

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही. तहानेची जाणीवच वयाने बोथट होते. "तहान लागली की पितील" हा भरवसा ठेवू नका. शिवाय रात्री लघवीला उठावं लागेल या भीतीने ते मुद्दाम कमी पितात, विशेषतः बाया. म्हणून पाण्याच्या वेळा ठरवा. उठल्यावर एक पेला, गोळीबरोबर पूर्ण पेला, अकराला ताक, जेवणानंतर थोड्या वेळाने, चारला लिंबूपाणी, आणि संध्याकाळी सहा-सातच्या आत दिवसाचा बहुतेक कोटा संपवायचा. मी जिजींच्या उशाशी लिटरची बाटली भरून ठेवते. दुपारी दोनला अर्धी रिकामी झालेली नसेल तर जवळ बसून पाजते. मातीच्या माठातलं पाणी त्यांना फ्रीजच्या पाण्यापेक्षा जास्त जातं, तेच द्या.

लघवी गडद पिवळी, तोंड कोरडं, उठताना चक्कर, किंवा कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर उन्हाळ्यात पहिली शंका पाण्याची घ्या आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा.

साखर, उपवास, आखाजी

नानांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. अशा माणसाने गोळी घेऊन जेवण टाळणं हा सगळ्यात मोठा धोका. एकादशीला पहाटे गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत नुसतं पाणी, असं करू देऊ नका. घाम फुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा आणि मग जेवू घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. उपवास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्या. साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, दही घ्या. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च.

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कानबाईच्या रोटांना त्यांच्या पुढ्यात वेगळं फिकं ताट ठेवू नका. घरभर आमरस आणि पुरणपोळीचा वास असताना त्यांना दुधी भोपळा वाढला तर ते रात्री लपून खातात. अर्धी पुरणपोळी, तूप, लहान वाटीभर आमरस, आणि त्या वेळचा भात-पोळी बंद. आमरसात वरून साखर नको. एवढं बहुतेकांना सोसतं.

गोळ्या आणि जीवनसत्त्वं, थोडक्यात

बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडं मिळतं. वयाने पोटातलं आम्ल कमी होतं आणि तेवढंही नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी कमी होतं. तळपाय बधिर होणं, मुंग्या येणं, तोल जाणं, विसराळूपणा वाढणं असं दिसलं तर रक्त तपासून घ्या. शाकाहारी घरात तर नक्कीच.

कॅल्शियमची गरज पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितली आहे. पेलाभर दुधात साधारण २४० मिळतं, मोठा चमचाभर तिळात शंभरच्या आसपास. नाचणी आपल्याकडे फारशी पिकत नसली तरी किराणा दुकानात मिळते, तिची खीर करा. तिळाची चटणी जेवताना द्या. सकाळी उन्हात हात-पाय उघडे ठेवून बसवा, पण म्हाताऱ्या त्वचेत ड जीवनसत्त्व कमी तयार होतं, त्यामुळे गोळी लागू शकते. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची जी पूड किंवा गोळी असते ती डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच. "शक्तीची आहे" म्हणून महिनोन् महिने चालू ठेवलेली मी पाहिली आहे, ती बाधते.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास चहाही नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब.

मुलं सुरतेला, पुण्याला असतील तर

आपल्या गावांत आता निम्मी घरं अशीच आहेत. दोघंच राहतात, आणि दोघांतलं एक गेलं की दुसरं स्वयंपाकच सोडतं. एकट्यासाठी चूल पेटवायची इच्छा होत नाही. फोनवर "जेवन व्हयनं का?" विचारलं की "व्हयनं" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "आज काय खादं?" विचारा. चहा-बटर खाल्लं की शेवभाकर, लगेच कळतं. सुट्टीला आलात की कपडे, मिठाई आणण्यापेक्षा महिन्याभराची तयारी करून जा. कळण्याचं दळण, फुटाण्याचं पीठ, भाजलेल्या मुगडाळीचा रवा (दूध किंवा पाण्यात दहा मिनिटांत शिजतो), दाण्याचं कूट, लसणाची कमी मिठाची चटणी. डब्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. शेजारच्या एखाद्या बाईला महिन्याचे पैसे ठरवून दुपारचा एक डबा लावून द्या. घट्ट वरणाची अट घालूनच.

घरात सगळे असतील तर त्यांचं ताट आधी वाढून खोलीत नेऊन ठेवू नका. पंगतीत बसवा. जिजी एकट्या बसल्या की "माले भूकच नही शे" म्हणतात, नातवंडांच्या शेजारी बसल्या की तेवढंच ताट संपतं. "जेवता का?" असं विचारूही नका, ताट आणून समोर ठेवा आणि "थोडंसं खाई ल्या" म्हणत जवळ बसा. घास लहान, वेळ मोठा. म्हाताऱ्या माणसाला जेवायला पाऊण तास लागला तर लागू द्या, भांडी नंतर घासली जातील.

घरच्या घरी न थांबता दाखवावं असं

पाणी पिताना किंवा जेवताना वारंवार ठसका लागणं, जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येणं. गिळण्याचा दोष असू शकतो, अर्धांगवायूनंतर तर हमखास बघावा. अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात संसर्ग होतो. दवाखान्यात नेईपर्यंत खाटेवर आडवं असताना काही भरवू नका. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या.

काळी, डांबरासारखी शौच. गिळताना अन्न छातीत अडकल्यासारखं वाटणं. दोन-तीन दिवसांत अचानक जेवण तुटणं. नवी गोळी सुरू झाल्यापासून भूक गेली असेल तर गोळीचं पाकीट बरोबर घेऊन जा, कारण बऱ्याच औषधांनी भूक आणि चव जाते आणि डॉक्टरांना ती बदलता येते. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, गावातल्या डॉक्टरांच्या, तालुक्याच्या, आणि मेडिकलवरून आपल्या मनाने आणलेल्याही. वजनाचं कॅलेंडरही बरोबर घ्या. सहा महिन्यांचे आकडे एका पानावर दिसले की तपासणाऱ्याला अर्धं निदान तिथेच कळतं.